खेकड्याचं जुनं नाव

प्रयोगशाळेत खेकड्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते, तेव्हा शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, शमीम आपा गेल्या." आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. हार्ट अटॅक... आज दीड महिना झाला, तरी माझा मलाच राग येतो, कारण त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

आपांचं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं, पण जीवशास्त्राचे शोधनिबंध हुडकावेत ते त्यांनीच. मुलं संगणकावर प्राण्याचं नाव टाकून पहिल्या पानावरचे चार निबंध उचलून आणत. आपा हसत, "अरे बाबा, बाजारात पहिल्याच दुकानात कपडा घेतोस का?" मग त्या प्राण्याची जुनी शास्त्रीय नावं टाकून बघायला लावत. नाव बदललं तरी जुने निबंध बऱ्याचदा जुन्या नावाखालीच पडून राहतात, हे त्यांनी कितीजणांना शिकवलं असेल! मला मात्र शिकायची गरज वाटली नाही. मी प्राध्यापिका ना!

चार वर्षं खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून मी एका खेकड्यावर पीएचडी करत होते. इथे त्याच्यावर कुणीच काम केलेलं नाही, असं प्रबंधात ठणकावून लिहिलंही होतं. प्रबंध द्यायला महिना उरला असताना आपांनी एका जुन्या निबंधाची प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. हाच खेकडा, हीच खाडी, फक्त नाव जुनं.

"हे आत्ता सांगताय?" मी भडकले.

"रागव गं. पण परीक्षकाच्या आधी मी शोधलं ना?"

पुढचे दोन महिने आपा जेवायला गेल्या की मगच मी ग्रंथालयात पाऊल टाकायचे. आई म्हणाली, "खरा बोलली ना ती? मंग रुसतंस कशाला?"

शेवटी तोच निबंध कामी आला. मुदत वाढवून घेतली, तेव्हाची खाडी आणि आजची खाडी अशी तुलना करून मी प्रबंध नव्याने लिहिला, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. आपांशी बोलणं सुरू झालं, पण चहापाण्यापुरतंच. बाइंडिंग केलेली प्रत हातात देऊनच आभार मानू, असं मी ठरवून बसले होते.

गेल्या आठवड्यात नव्या ग्रंथपालांनी आपांची एक वही माझ्याकडे दिली. कुणासाठी काय शोधलं, कुठे सापडलं, याच्या नोंदी. माझ्या पानावर त्या निबंधाखाली आपांनी लिहिलं होतं, 'सापडला. आज नाही सांगायचं. आज तिच्या भावाची हळद आहे.'

त्या दिवशी आपा आमच्या गावी, राहनाळला, हळदीच्या मांडवात आल्या होत्या. मी लाजत कडेला उभी होते. मला पुढे ढकलत म्हणाल्या, "जा, आज मनसोक्त नाच."