मागच्या दारावरच्या मावशी

साहेबाच्या खोलीत गेल्या की मावशी आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या. मग वही उघडायच्या, पेनाचं टोपण काढायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता सावकाश सांगा. मला घाई नाही." घाई साहेबालाच असायची. निम्मी प्रकरणं तिथेच ढिली पडायची.

न्यू जर्सीतल्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करतो, तिथल्या स्वयंपाकघरात त्या पेशंटच्या जेवणाचे ट्रे लावायच्या. मूळच्या नागपूरच्या, उंचीनं जेमतेम पाच फूट, आणि आमच्या कामगार युनियनच्या प्रमुख. सगळं हॉस्पिटल त्यांना मावशी म्हणायचं. त्यांच्याबरोबर ट्रे लावणाऱ्या जमैकाच्या डेव्हनला ते त्यांचं आडनावच वाटायचं. तो 'मिसेस मावशी' म्हणायचा.

कुणाला ऑफिसातून बोलावणं आलं की त्यांचा नियम ठरलेला. "एकट्यानं जायचं नाही बाप्पा. माझ्या हातात डाव असला तरी मला हाक मारायची." आणि त्या खरंच डाव खाली ठेवून यायच्या.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. पण त्याच्याशी आपण कसे वागलो, हे आपण सहसा लिहीत नाही. मला ते लिहायचं आहे.

मी नवीन होतो, वर्क व्हिसावर होतो. लागोपाठ दोन पाळ्या करायची सक्ती बंद व्हावी म्हणून युनियननं तीन दिवसांचा संप पुकारला. माझ्या आयटीवाल्या रूममेटनं सांगितलं, "येडा आहेस का यार? व्हिसावरच्या माणसानं संप केला तर थेट परत पाठवतात." मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे ठेवावासा वाटला.

पहिल्या दिवशी सकाळी, कडाक्याच्या थंडीत, मी पुढचं दार टाळून सामानाचे ट्रक येतात त्या मागच्या दाराकडे निघालो. तिथे फलक घेऊन मावशीच उभ्या होत्या. घाबरलेली माणसं कुठून आत जातात, हे त्यांना ठाऊक असणार. शेजारी डेव्हन आणि आणखी दोघं. मावशींनी मला पाहिलं. मग एकदम वळून मोठ्यानं म्हणाल्या, "टी! एव्हरीबडी, टी!" आणि थर्मास उघडून तिघांना भिंतीच्या पलीकडे घेऊन गेल्या. मी मान खाली घालून आत शिरलो. तिन्ही दिवस.

संप यशस्वी झाला. मावशी लॅबमध्ये आल्या, पिशवीतून वकिलानं लिहून दिलेला कागद काढला. कायदेशीर संपात भाग घेतला म्हणून व्हिसा जात नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"मला विचारायचं होतंस रे," एवढंच म्हणाल्या.

पुढे मुलीच्या जन्माच्या वेळी बायको अत्यवस्थ होती. पाळी संपताच, दुसरी पाळी न करता मी निघालो, म्हणून सुपरवायझरनं मला ऑफिसात उभं केलं. सक्ती बंद झाली होती ती मावशींच्याच संपामुळे, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या त्याही ह्याच. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

यंदा मावशी निवृत्त झाल्या. पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळानं सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं : 'त्या संपात आम्ही सारे खांद्याला खांदा लावून उभे होतो.' छान वाक्य होतं. समारंभात वाचताना तिथवर आलो आणि पुढे जाता येईना.

"हे खरं नाही," मी म्हणालो. "मी उभा नव्हतो. मी मागच्या दारानं कामावर गेलो होतो. मावशींनी मला पाहिलं आणि झाकून घेतलं."

पहिल्या रांगेत हॉस्पिटलची मंडळी बसली होती. डेव्हननं मावशींकडे वाकून विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

शाल सावरत मावशी म्हणाल्या, "ही सेज, इट वॉज व्हेरी कोल्ड दॅट डे."

पहिली रांग हसली. तेव्हा मला कळलं की मी कबुली दिली होती ती चुकीच्या लोकांना. मराठीत ऐकणारे त्या थंडीत उभे नव्हतेच. जे उभे होते, ते आत्ता हसत होते. मी माईक पुन्हा जवळ घेतला आणि सगळं इंग्रजीत सांगितलं.

डेव्हननं हाताची घडी घातली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं नाही.

नंतर पार्किंगमध्ये मी मावशींना विचारलं, "माझं चुकलं का आज?"

"चुकलं होतं ते तेव्हा," त्या म्हणाल्या. "आज फक्त उशीर झाला."

"डेव्हन बोलेल का माझ्याशी?"

"नाही बोलणार काही दिवस. तो त्याचा हक्क आहे. मी त्याची समजूत घालणार नाही हं, आधीच सांगते."

त्यांची मुलगी त्यांना कायमचं ओहायोतल्या डब्लिनला घेऊन चालली होती. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल, अशा त्या गाडीत बसल्या. काच खाली करून त्यांनी हात हलवला. मीही हलवला. दोन गाड्या सोडून डेव्हन उभा होता, त्यानंही हात वर केला. गाडी सिग्नलपाशी वळून दिसेनाशी झाली. तो माझ्याकडे बघत नव्हता. पण बराच वेळ आम्हा दोघांचेही हात वरच होते.