काकूंचा आखूड फटका

केकवाल्या काकूंनी उभा जन्म केकचं दुकान एकटीने चालवलं होतं. "असं नको, तसं करा" म्हणायची त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती. साठीला टेकल्यावर त्यांनी गोल्फ खेळायला घेतलं, तेव्हाही घरात कुणी हसलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

कारण होतं त्यांची लेक. तिला गोल्फचं वेड, आणि सासूही तशीच मिळालेली. क्लबच्या जोडीच्या सामन्यात दरवर्षी सासूसुना खेळायच्या आणि काकू बाहेर उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. लग्नानंतर लेक रविवारची म्हणून कधी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. यंदा विहीणबाईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि काकूंनी लगेच आपलं घोडं पुढे दामटलं. लेक म्हणाली, आधी मैदानात खऱ्या गवतावर एक फेरी खेळून बघू. नाही जमलं तर ऑफिसातली मैत्रीण आहेच. पोटच्या पोरीने परीक्षा घ्यावी! झोंबलं खरं, पण काकूंनी गिळलं.

मग काय, दुकान उघडायच्या आधी रोज गोल्फच्या सरावाची ड्रायव्हिंग रेंज. हातात वेज, म्हणजे चेंडू उंच उडवून झेंड्याजवळ अलगद टाकायची तिरक्या तोंडाची काठी. नकली गवताच्या मॅटवर चेंडू ठेवायचा आणि हाणायचा. चेंडू बरोबर झेंड्यापाशी पडायचा. काकू स्वतःवर जाम खूश होत्या.

एका सकाळी हात गळ्यात बांधलेल्या विहीणबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. आल्या जळफळायला, असं काकूंना वाटलं. विहीणबाईंनी खांद्यावरचा टॉवेल घडी करून चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवला आणि मारा म्हणाल्या. काकूंनी मारलं. टॉवेल उडाला, चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. विहीणबाईंनी शांतपणे समजावलं, की मॅट लबाड असते. काठी आधी जमिनीवर आपटली तरी मॅटवरून घसरत पुढे जाते आणि चेंडू उडतो. गवतात मात्र ती रुतून बसेल.

काकूंचा पारा असा चढला, की त्या चेंडूंची टोपली तशीच टाकून निघून गेल्या. दिवसभर दुकानात सगळ्यांवर खेकसल्या. पण विहीणबाईंचं खोटं नव्हतं. घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं होतं, आणि गवतावर लेकीसमोर तोंडघशी पडण्यापेक्षा विहिणीसमोर पडलेलं बरं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन केला.

त्यानंतर दोघी रोज भेटू लागल्या. आधी चेंडू, मग जमीन. काकू चिडायच्या, विहीणबाई टॉवेल पुन्हा जागेवर ठेवायच्या. शेवटी एकदा काकूंनी सरळ विचारलं, "अहो, माझी जोडी जमली तर तुमची मोडेल. मग हा उपद्व्याप कशाला?"

"हा खांदा आता खेळायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," विहीणबाई म्हणाल्या. "सुनेला सांगायचा धीर होत नाही. माझी जागा परक्या बाईला जाण्यापेक्षा तुम्ही घ्या."

काकूंनी पुढचा चेंडू लावला.

फेरीच्या दिवशी शेवटच्या झेंड्याआधी तळं आडवं आलं. लेक म्हणाली, आई, बाजूने मार. काकूंनी तिला गप्प उभं राहायला सांगितलं आणि वेज फिरवली. आधी चेंडू, मग गवताचा तुकडा उडाला. चेंडू तळं ओलांडून झेंड्याशेजारी थांबला.

लेकीने धावत येऊन मिठी मारली. "आई, ठरलं, तूच! अगं, पण हे शिकलीस कुठे?"

काकूंच्या मनात उकळ्या फुटत होत्या. या मिठीसाठीच तर सगळा खटाटोप केला होता. त्यांनी ती क्षणभर मनसोक्त घेतली. मग लेकीला खांद्याला धरून लांब बाकावर बसलेल्या विहीणबाईंकडे वळवलं.

"त्यांच्याकडे," काकू म्हणाल्या. "जा, त्यांच्याजवळ बस जरा. त्यांना तुला काही सांगायचंय."