मामाचा कान आणि बावन्नचा आकडा

मला गाडी चालवायला मामाने शिकवलं आणि आज माझं पोट गाडीवरच चालतं. त्यामुळे मामाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. मुळात माझा राग नाकाच्या शेंड्यावर. म्हणून तिसऱ्या दंडाचं पत्र आलं तेव्हा मामाने ते चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि थयथयाट केला तो मी.

मामा बसड्रायव्हर. चौतीस वर्षं शहरातली बस चालवली, पण त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. त्यांच्या डेपोतल्या जुन्या बसगाड्यांचे वेगाचे काटे कायम मेलेले. शून्यावर लोळत पडायचे आणि दुरुस्त करायला कुणाला सवड नसायची. मग तिथले ड्रायव्हर कानानेच वेग ओळखायला शिकले. इंजिन गुरगुरतंय तोवर तीस, गुरगुर थांबून सूर लागला की चाळीस, आणि काचा थडथडायला लागल्या की पाय उचलायचा. मामाचा अंदाज इतका पक्का, की डेपोत त्याला नावाने कुणी हाक मारलीच नाही. 'कान' आला का, 'कान' गेला का, असंच चालायचं.

मी एकवीस वर्षांची असताना बाबा गेले आणि घरात मिळवतं कुणी उरलं नाही. मामा रोज सकाळी सहाला मला घेऊन बाहेर पडायचा. दिसेल ते मोठ्याने बोलायचं, हा त्याचा नियम. पिशवीवाली बाई डावीकडे. उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडेल. सायकलवाला मागे वळून बघतोय, म्हणजे आता वळणार. मी गप्प झाले की तो गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि विचारायचा, गेल्या मिनिटात काय काय बघितलंस? त्या शिकवणीवर गेली अकरा वर्षं मी औषधांची व्हॅन दुकानोदुकानी फिरवतेय. घर उभं राहिलं ते मामामुळे, हे मी चारचौघांत सांगते आणि सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामीचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला. मामाच्या परगावी राहणाऱ्या मुलाने विजेवर चालणारी गाडी घेऊन दिली. चालू आहे की बंद, तेही कळू नये इतकी मुकी. समोर पडद्यावर वेगाचा मोठा आकडा. मामाने त्यावर मामीचा रुमाल टाकला. आकड्याकडे बघू की रस्त्याकडे, म्हणाला. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू?

आणि हॉस्पिटलच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने त्याला वर्षभरात तीनदा धरलं. मर्यादा चाळीस, हा एकदा एक्कावन्न, एकदा पन्नास, एकदा त्रेपन्न. तिसऱ्या वेळी परवाना तीन महिने जमा करायचा हुकूम. डायलिसिसनंतर मामीचे पाय लटपटतात, बसमध्ये चढणं तिला शक्य नाही. माझी फेरी नेमकी सकाळची. मग तिला न्यायचं कुणी?

मी दोन पानी अर्ज खरडला. तुमचा कॅमेरा वेग मोजतो, लक्ष कोण मोजणार? मोबाइलवर गप्पा ठोकत चाळिसाने जाणारा सुटतो आणि चौतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून चालवणारा अडकतो, हा कुठला न्याय? असं बरंच.

सुनावणीला माझ्याच वयाची एक अधिकारी होती. मामाला घेऊन मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. तिने दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, चला, तुमच्या गाडीतूनच एक फेरी मारून बघूया. ती मामाच्या शेजारी बसली, मी मागे. रुमाल तिने पाहिला आणि तसाच राहू दिला.

बाजाराच्या रस्त्यावर मामाने मध्येच वेग एकदम कमी केला. तिने कारण विचारलं. त्या पांढऱ्या गाडीचं पुढचं चाक बाहेर वळलंय, मामा म्हणाला, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत ती गाडी दिवा न दाखवता रस्त्यात घुसली. मला दिसलं नव्हतं काका, असं तिने सरळ कबूल केलं. मागे माझी छाती फुगली.

पुढे साठची मर्यादा असलेला रुंद, मोकळा रस्ता लागला. चाळीसला पोचलात की सांगा, ती म्हणाली. मामाने मान किंचित कलती केली, बसमध्ये करायचा तशी. जरा वेळाने म्हणाला, आता चाळीस. तिने रुमाल उचलला. बावन्न. परत केलं, एक्कावन्न. तिसऱ्यांदा चोपन्न.

मामाने गाडी बाजूला लावली. त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता, तो बघवेना. अरे, या गाडीला आवाजच नाही, यात तुझी काय चूक, असं मी म्हणून पाहिलं. अधिकारीबाईही म्हणाली, कारण खरं आहे, लक्ष तर वाखाणण्यासारखं आहे. समज देऊन सोडायचा अधिकार मला आहे. माझा जीव भांड्यात पडला. त्यासाठीच तर आलो होतो.

मामाने तिच्या हातातून माझा अर्ज घेतला आणि घडी करून खिशात घातला.

"मॅडम, कॅमेऱ्याने मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा त्यालाच शिव्या घातल्या. चौथ्यांदा एखाद्या माणसाला माझ्या गाडीखाली येऊन सांगावं लागलं असतं. उपकार झाले तुमचे. तीन महिने राहू द्या. शिकून येतो."

परतताना गाडी मी चालवली, धुसफुसतच. दुसऱ्या दिवशी मालकाकडे फेरी दुपारची करून मागितली; त्या भल्या माणसाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. मग मामीला मी नेऊ लागले. मामा शेजारी बसून आधी अंदाज सांगायचा, मग आकडा बघायचा. आठवडाभर मी तोंड फुगवून होते. एका सकाळी तो हळूच म्हणाला, बघ जरा. अठ्ठेचाळीस. चालवत होते मी, कॅमेऱ्याच्या अलीकडेच, आणि मलाही चाळीसच वाटत होतं. माझाही कान त्याचाच ना. माझा राग तिथेच उतरला, आणि पायही.

तीन महिन्यांनी परवाना परत मिळाला. पहिल्या दिवशी मामा चालवायला बसला, मामी त्याच्या शेजारी, मी उगीच मागे. हॉस्पिटलच्या रस्त्याला लागल्यावर मामी म्हणाली, "अहो, आज फारच हळू चालवताय."

मामाने पडद्यावर एक नजर टाकली आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"हळू नाही गं. इतके दिवस तुला जोरात नेत होतो."