थोडं थोडं खात जा

उदगीर स्टेशनावर गाडी लागली तेव्हा आईने डबा हातात दिला. "जवसाची चटणी हाय, दाण्याची न्हाई." अप्पा खिडकीशी आले आणि नेहमीचंच म्हणाले, "थोडं थोडं दाणे खात जा, सवय होती. मला दूध सोसत न्हाई, तरी चहा पितोच की मी." गाडी हलली. मी धुसफुसतच पुण्याला पोचले.

अप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. बुवाबाजीविरुद्धची त्यांची पत्रकं मी शाळकरी वयात बसस्टँडवर वाटलीत. 'विचारा, तपासा, मग माना.' आणि त्याच घरात भाजीतल्या कुटाने माझे ओठ सुजले, घसा आवळला, तरी "हिला सोसत न्हाई" म्हणून विषय संपायचा!

पुण्यात डॉक्टरांनी माझ्या तपासण्या करून, अप्पांच्या दुधाचंही ऐकून, नीट सांगितलं. अप्पांचं दुखणं पोटाचं. दुधातली साखर त्यांना पचत नाही, पोट गुरगुरतं, पण घोटभर चालून जातं. माझी मात्र अॅलर्जी. माझं शरीर दाण्यालाच शत्रू समजतं. एवढ्याशा कणानेही श्वास कोंडू शकतो. सवय लावायचे प्रयोग घरी करायचे नाहीत. तेव्हापासून पर्समध्ये इंजेक्शन आहे. मेस असो की ऑफिसची पार्टी, मी आधी चौकशी करते, मग बसते. हे सगळं अप्पांना फोनवर सांगितलं. "बघू," एवढंच म्हणाले.

यंदा येळवशीला गावी गेले. त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या छोट्या खोपटापुढे, म्हणजे कोपीपुढे, पूजा होते, मडक्यात आंबिल असतं आणि दिसेल त्याला हाक मारून भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळभाजी, वाढतात. नाही म्हणणं म्हणजे अपमान. शेजारच्या शेतातल्या काकूंनी आम्हाला बोलावलं. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काकू, भज्जीत दाणे हायेत का?"

"दाण्याबिगर भज्जी होती व्हय? देवाचं हाय, खा गप. पुण्याला जाऊन लई नखरे शिकलीस!"

पंगत हसली. द्रोण पुढे आला. माझा हात पर्सकडे गेला.

अप्पा पंगतीतून उठले. "वहिनी, द्रोण माघारी घ्या. नखरा न्हाई हा. माझं दूध येगळं, हिचे दाणे येगळे. मीच इतकी वर्षं दोन्ही एक समजून राहिलो. हिचा श्वास बंद होतो."

"मास्तर, सणाच्या दिवशी असलं अभद्र बोलावं का?"

"मग सणाच्या दिवशी पोरगी घालवू?"

कोणी हसलं नाही. आईने आमच्या कोपीतून बिनदाण्याची भज्जी आणली. काकूंनी चाखली. "पाणचट हाय," म्हणाल्या. पण स्वतःचा द्रोण त्यांनी माझ्यापासून लांब सरकवला.

गाव सोडलेल्यांनो आणि गावातच राहिलेल्यांनो, एका द्रोणाने मी शांत झालेली नाही. पुढच्या पंगतीत पुन्हा हसतील, मी पुन्हा विचारीन. पण आता गावी कुणाकडे जेवायला गेलो की माझ्याआधी अप्पाच विचारतात, "दाणे हायेत का यात?" माझं घर त्या प्रश्नाएवढंच आहे. बाकी गावासाठी इंजेक्शन अजून पर्समध्ये आहे.