कोणतंही बटण दाबा

माझ्या मामाला घाई करायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो जन्मभर प्रूफरीडर. वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, आणि एकदा वाचलं की पुन्हा एकदा वाचायचं, हा त्याचा धर्म. लिफ्टमध्ये किती माणसांना परवानगी आहे ती पाटी तो आत शिरण्याआधी वाचतो. तोवर लिफ्ट वर निघून गेलेली असते.

मामी नेमकी उलटी. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोरच्या बोर्डवर दिवा लागला की हात गेलाच पाहिजे, ही तिची सवय नोकरी सुटली तरी सुटलेली नाही. समोरच्याचं वाक्यही तिला पुरतं ऐकवत नाही.

"मला असं वाटतं की आज बाहेर जाताना–" मामा सुरू करतो.

"छत्री घ्यावी. घेतली. चला."

"अगं, वाक्य तरी पूर्ण करू देत जा!" हे भांडण मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकत आलेय. दोघंही सुधारले नाहीत. मी मधे पडून बघितलं, तर दोघं मलाच बोलले.

घरात उजेडाची एकच खिडकी, आणि त्या खिडकीत मामाचा जुनापुराणा कॉम्प्युटर. एका छापखान्याचं काम तो अजून करायचा. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकतो, तो तपासायचं काम. तो कागद शेवटपर्यंत वाचणारा जगात बहुधा मामा एकटाच असावा. छापखान्याचे जुने फॉन्ट नव्या मशीनवर उघडत नसत, मामाच्या डब्यावर उघडत. म्हणून तर या वयातही काम त्याच्याकडे येत होतं. डबा गेला की काम गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मामीलाही ठाऊक होतं. तिला त्या खिडकीत आरामखुर्ची टाकून निवांत फोनवर गप्पा मारायच्या होत्या. तिनं केव्हाच अट घालून ठेवली होती: "हा डबा बंद पडला की तुमचं काम बंद, आणि खिडकी माझी." मामानं अट नीट ऐकून घेतली, वेळ घेऊन विचार केला आणि होकार दिला. मशीन दणकट होतं.

एके सकाळी दणकट मशीननं मान टाकली. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ, आणि पुढे काही नाही. मामा ती ओळ वाचत बसला. मामी मोजपट्टी घेऊन खिडकी मोजायला लागली. त्यातच छापखान्यातून फोन आला, की हृदयाच्या गोळ्यांचा कागद अडलाय, कधी मिळेल? मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "देतो," एवढंच तो म्हणाला, आणि मला फोन लावला.

मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून घराण्यातली सगळी बिघडलेली यंत्रं माझ्या गळ्यात. गेले, बघितलं. मशीनमधला मजकूर शाबूत होता, फक्त सुरुवात करून देणारा भाग खराब झाला होता. म्हणजे घर धडधाकट, दाराचं कुलूप तेवढं बिघडलेलं. बाहेरून सुरू करून देणारी एक सीडी हवी होती. मी कामात होते म्हणून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं. त्या शहाण्यानं इंटरनेटवरची फाइल जशीच्या तशी सीडीवर ठेवून दिली. अशानं मशीन सुरू होत नाही. ती फाइल सीडीवर उलगडून लिहावी लागते. चावी मागितली तर यानं चावीचा फोटो पाकिटात घालून दिला! विचारलं तर म्हणतो, "ताई, तुमचं मशीनच जुनं आहे." नाचता येईना अंगण वाकडं.

या घोळात बरेच दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांत मामा रिकामा होता. रिकामा प्रूफरीडर घरात असणं काय असतं ते मामीला विचारा. त्यानं स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या आणि लाल पेननं दुरुस्त केल्या. मामीच्या किराणा सामानाच्या कागदावर समासात खुणा केल्या. ती फोनवर बहिणीला एखादी हकीकत सांगायला लागली, की हा शेजारून म्हणे, "त्या दिवशी मंगळवार नव्हता, बुधवार होता." मामी दात-ओठ खात गप्प बसायची, कारण खिडकी आता हाताशी आली होती.

शेवटी रविवारी मी स्वतःच सीडी तयार करून नेली. सीडी घातली, मशीन सुरू केलं. पडद्यावर ओळ उमटली: सीडीवरून सुरू करायचं असेल तर कोणतंही बटण दाबा. पुढे एकेक ठिपका उमटत जातो. ठिपके संपायच्या आत बटण दाबलं नाही, तर मशीन आपल्या जुन्या वाटेनं जातं आणि पुन्हा काळं.

मामानं चष्मा नीट केला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. बोट उचललं. पडदा काळा.

"मामा, वाचू नकोस! दाब!"

"न वाचता दाबू?" मी त्याला कोऱ्या कागदावर सही करायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

मी दाबून दिलं असतं हो. पण खराब भाग दुरुस्त होण्यातला नव्हता, ही सीडी रोजच लावावी लागणार होती. रोज सकाळी मी कुठून येणार? तेव्हा मामानं शिकणं भाग होतं. पुन्हा लावली. या वेळी त्यानं ओळ एकदाच वाचली, पण मग कोणतं बटण अधिक योग्य याचा विचार केला. काळं. पुन्हा लावली. या वेळी बोट वेळेवर निघालं, पण वाटेत चष्मा सावरायला गेलं. काळं. माझा आवाज चढला. इतका साधा माणूस, आणि त्याच्यावर मी ओरडत होते. पण खरं सांगते, समोर बसला असतात तर तुम्हीही ओरडला असतात.

मामी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. मामीनं न बोलणं मी पहिल्यांदाच बघत होते.

किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी मामानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "हे माझ्याच्यानं होणार नाही. मी छापखान्यात कळवतो." मग मामीकडे वळून म्हणाला, "तुझी खुर्ची कुठे ठेवायची ते–"

मामीला ते वाक्य पूर्ण करता आलं असतं. तिनं केलं नाही. मामाचंही झालं नाही. तो तसाच उभा राहिला, कीबोर्डवरची नसलेली धूळ बोटानं पुसत. मला फार वाईट वाटलं.

"बसा खाली," मामी म्हणाली. "आणि तू, लाव गं परत एकदा."

मी मशीन सुरू केलं. ओळीचं पहिलं अक्षर उमटतंय तोच मामाच्या खांद्यावरून ओला हात आला आणि बटणावर आपटला. सीडी घरघरली. जुना निळा पडदा उघडला आणि त्यावर हृदयाच्या गोळ्या जिथे अडल्या होत्या तिथेच दिसल्या.

"आणि खिडकी?" मी विचारलं.

"घाला चुलीत! दिवसभर माझ्या चुका काढण्यापेक्षा त्या गोळ्यांच्या काढू देत." ती हात पुसत आत गेली. मामा तोवर वाचायला लागला होता.

मग तसंच चालू झालं. सकाळी मामा खुर्चीत बसतो, सीडी घालतो आणि हाक मारतो, "अगं, येतेस का?" मामी येते, बटण दाबते, जाते.

पुढे मला कळलं, की तो प्रश्नच न विचारणारी सीडीही करता येते. घातली की आपोआप सुरू, बटणाची भानगड नाही. मी उत्साहानं तशी एक तयार केली आणि घेऊन गेले. मामानं ती हातात घेतली, वरचं लेबल वाचायला सुरुवात केली.

"नको ती," मामी म्हणाली.

"अगं मामी, तुझाच त्रास वाचेल. हातातलं काम टाकून रोज धावत येतेस–"

"मला माहितीये मी येते ते." तिनं मामाच्या हातातून सीडी काढून माझ्या हातात ठेवली. "जन्मभर मी मधे बोलते म्हणून यांनी मला बोल लावला. आता रोज सकाळी स्वतः हाक मारून बोलावतात, की ये आणि मधेच तोड. ते मी सोडू?"

मामानं मान वर केली. त्याला यावर काहीतरी म्हणायचं होतं. मी आणि मामी, दोघीही ऐकायला थांबलो.