मागच्या सीटवरचे मामा

माणूस आवडला की मामा त्याला 'ले' म्हणत, आणि आवडला नाही की 'आपण'. 'ले' हा त्यांचा कानडी शब्द. आपल्या 'अरे'सारखाच, पण 'अरे'पेक्षा जवळचा आणि 'अरे'पेक्षा उर्मट. चाटी गल्लीतल्या त्यांच्या चादरींच्या दुकानातला हमाल 'ले' होता, त्यांचा ड्रायव्हर सिद्राम 'ले' होता, ओट्यावर येऊन बसणारे मांजरही 'ले' होते. मी त्यांचा एकुलता जावई, आणि लग्न ठरले त्या दिवसापासून मी 'आपण' होतो. "आपण चहा घेणार का?" असे त्यांनी विचारले की चहा नकोसा होई.

माझे गाव मोडनिंब. आमच्या घरातली कानडी आजोबांबरोबरच गेली. मामांच्या लेखी ही माझी पहिली खोट. "लिंगायत आहेत म्हणे, पण बोलतात एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरसारखं," असे ते पाहुण्यांना माझ्यादेखत सांगत. दुसरी खोट माझी विम्याची नोकरी. "लोक कधी मरतात ते बघत बसायचं, आणि वर पगार घ्यायचा." पाहुणे हसत. मीही हसल्यासारखे करी आणि घरी जाऊन बायकोवर चिडे. मामांना मी आवडत नव्हतो हे खरे, पण मला ते आवडत नव्हते हे त्याहून खरे. गेलेल्या माणसाविषयी असे लिहिताना लाज वाटते. पण गोड लिहिले तर ते मामा राहणार नाहीत.

त्यांची पांढरी अँबॅसिडर साऱ्या गल्लीला ठाऊक होती. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. मागच्या सीटवर डाव्या बाजूला, गुडघ्यांमध्ये काठी उभी आणि मांडीवर पानाचा डबा, अशी त्यांची बैठक. सिद्राम वारल्यावर त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला नाही. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात राहिली. एका रविवारी त्यांनी किल्ली माझ्यापुढे टेबलावर सरकवली. "सांभाळा. आपल्याला हौस आहे म्हणे."

हौस होतीच. मी इंजिन उतरवून घेतले, गंजलेले पत्रे बदलले, रंग दिला. तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मोबाइलवर मी जुन्या गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या पाहत होतो आणि वेडा झालो होतो. रफिक मिस्त्रींकडून मागे स्प्रिंगचे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून घेतले, पुढची बाजूही तेवढीच उतरवली. मामांना विचारले नाही. विचारले असते तर ते नाही म्हणाले असते. आणि मनातले सांगायचे तर ती गाडी त्यांची न दिसता माझी दिसावी, हेच मला हवे होते.

पहिल्या फेरीला मामा बसायला वाकले, अजून वाकले, आणि म्हणाले, "बसायचं की झोपायचं?" होटगी रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीच्या पोटातून धाडकन आवाज झाला. पानाचा डबा उडाला, चुना धोतरावर. पुढच्या गतिरोधकाला त्यांनी नुसते "हं" केले. मग काठीने माझ्या खांद्याला टोचून गाडी थांबवायला लावली आणि कण्हत उतरले.

"जावईबापू, आमच्यात मेलेल्या माणसालासुद्धा बसवून नेतात. मणका ताठ ठेवून. आपण जिवंतपणीच माझा मणका मोडायला निघालात."

एवढे बोलून ते रिक्षाने घरी गेले.

इथपर्यंत ते आमचे नेहमीचेच भांडण होते. पण अक्कलकोटच्या पलीकडे, अगदी सीमेलगतच्या त्यांच्या गावी, त्यांची थोरली बहीण अक्का अंथरुणाला खिळली होती आणि रोज त्यांची आठवण काढत होती. मामा गावात शिरत ते फक्त स्वतःच्या गाडीतून. माझ्या बायकोने, महानंदाने, भाड्याची गाडी करू म्हटले. "भाड्याच्या गाडीतून उतरलो तर अक्का म्हणेल दुकान बुडालं. त्या काळजीनं आज मरायची ती काल मरेल." मग त्या अँबॅसिडरमधून चला, म्हटले तर, "अक्काच्या आधी मी मरेन."

महानंदा मला म्हणाली, "अक्का थांबायची नाही आणि अप्पा ऐकायचे नाहीत. गाडी तुम्ही बिघडवली. काढून टाका ते ठोकळे."

तेच सरळ होते. पण मग मामा जिंकले असते. तिकडे एक म्हातारी दाराकडे डोळे लावून पडली होती आणि मी हा विचार करत होतो.

मी चाकांतली हवा कमी करून पाहिली. फरक नाही. रफिक मिस्त्री म्हणाले, "साब, पाटे कडक हैं. दोनो बाजू का एक एक पाटा निकाल देते, मख्खन हो जाती." आम्ही पाटे काढले. गाडी अजून खाली बसली आणि अजून आपटू लागली. मी ती मामांच्या दारात आणली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. गटाराच्या झाकणावरून चाक गेले आणि तोच आवाज झाला.

"जावईबापू, गाडीखाली कुणीतरी हातोडा घेऊन बसलंय. पोलिसांत तक्रार द्या."

मी दात खात परत फिरलो. पण तो हातोडा डोक्यातून जाईना. पाटे कडक असते तर गाडीने हादरे दिले असते, हातोडा का वाजावा? एक्सल वर येऊन आदळू नये म्हणून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंना रबराचा एकेक गट्टू असतो. तिथेच काहीतरी होत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांकडे गेलो आणि चुना मागितला.

"पान खायला लागलात? चला, एक तरी गुण आला," म्हणत त्यांनी डबी पुढे केली.

मी त्यांच्यासमोरच गाडीखाली शिरलो आणि दोन्ही रबरांना चुना फासला. गतिरोधकावरून एक फेरी मारून आलो आणि पुन्हा आत शिरलो. रबर पुसले गेले होते आणि एक्सलवर पांढरे ठसे उमटले होते. पाटे कडक नव्हतेच. गाडी खाली बसवताना मी त्यांना वाकायला जागाच ठेवली नव्हती, आणि पाटे काढून होती तीही घालवली होती.

"निघाला का चोर?" मामांनी वरून विचारले.

"निघाला," मी म्हणालो. "मीच."

 

रफिक मिस्त्रींनी काढलेले पाटे परत घातले, ठोकळे निम्म्या उंचीचे केले, रबर थोडे तासले, आखूड शॉकअप बसवले. पुढची बाजूही थोडी उचलली. मामांनी काठीने चाकावरची फट मोजल्यासारखे केले. "मोडनिंबच्या मानानं बरं काम आहे." आणि मागचे दार उघडून डाव्या बाजूला बसले.

महानंदा पुढे माझ्या शेजारी बसली. अक्कलकोट मागे पडले. गावाच्या अलीकडे बाभळीच्या सावलीत एक बिनरंगाचा गतिरोधक होता. मला तो उशिरा दिसला. मागून आवाज आला,

"ले, सावकाश!"

गाडी चढली, खाली आली, एक झोका घेऊन स्थिरावली. हातोडा वाजला नाही. मी आरशात पाहिले. मामांचे डोळे मिटलेले होते.

अक्कांनी हॉर्न ओळखला. "गाडी बंतु," गाडी आली, असे त्या आम्ही आत जायच्या आधीच म्हणत होत्या. मामा त्यांच्या उशाशी बसले आणि ऊन उतरेपर्यंत उठले नाहीत. घरी परतल्यावर मी महानंदाला विचारले, ते 'ले' कुणाला होते? "डुलकी लागली होती त्यांना," ती म्हणाली. "सिद्राम वाटला असेल." मग थोड्या वेळाने, "नसेलही." मामांना विचारायचे धाडस मला झाले नाही. उतरताना ते एवढेच म्हणाले होते, "आपण गाडी बरी चालवता."

दिवाळीनंतर मामा गेले. रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून न्यायचे होते. कपाळावर विभूती, डोक्याला पटका, पाठ ताठ, असे फुलांनी सजवलेल्या टेम्पोत त्यांना बसवले. मी मागे गुडघ्यांवर बसून त्यांची पाठ धरली होती. माल नसलेल्या टेम्पोचे पाटे दगडासारखे असतात. प्रत्येक खड्डा माझ्या हातांतून त्यांच्या मणक्यात जात होता. होटगी रस्त्यावर तोच गतिरोधक समोर आला आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय काही उचलेना.

"ले, सावकाश!"

मीच ओरडलो होतो. ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला. पुढे बसलेल्या महानंदाने माझ्याकडे वळून पाहिले. टेम्पो हळूच चढला, हळूच उतरला. मामांचा पटका हलला नाही.