शेवटचा सूर विरेपर्यंत

हिवाळ्यात रनाळ्याच्या आमच्या घरामागे मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या. खिडकी लावली तरी तिखट हवा आत यायचीच. मी गिटारवर जुन्या पाश्चात्त्य संगीतातली, बरोक काळातली एखादी संथ रचना रेकॉर्ड करायला बसलो, की वडील समोर खाटेवर नाक दाबून बसायचे. दुसऱ्या खोलीत जा म्हटलं तर ऐकायचे नाहीत, हट्टी माणूस. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत शिंक धरून ठेवायचे. मग दाबल्या नाकानेच विचारायचे, “व्हयनं का?” मी झालं म्हणून मान हलवली की घर दणाणून जाईल असे शिंकायचे.

ते गेल्यावर मी पुण्याला आलो. इथली बंद खोली रेकॉर्डिंगला फार चांगली आहे, असं सगळे म्हणतात. शेवटचा सूर विरतो, मी सवयीने मान हलवतो आणि रेकॉर्डिंग एका शिंकेपुरतं तसंच चालू ठेवतो.